‘हौद्री’ म्हणजे समजलं असं नव्हे

आमची अक्का गेली काही वर्षं सुरतेला असते, पर्वत पाटियाला. मुलगा तिथं साड्यांच्या व्यापारात नोकरीला आहे. त्यांच्या इमारतीचा जिना चढताना कान उघडे ठेवले की भारतदर्शन होतं. तळमजल्यावर मारवाडी, पहिल्या मजल्यावर गुजराती, दुसऱ्यावर खानदेशातून आलेलं अहिराणी कुटुंब, तिसऱ्यावर भोजपुरी, आणि चौथ्या मजल्यावर आमची अक्का. तिच्या घरात तर एकाच वाक्यात दोन भाषा. अक्काचं माहेर मराठी, सासर कानडी. ती बोलायला सुरुवात करते मराठीत आणि थांबते कानडीत. आपल्या सीमाभागात अशी घरं काही कमी नाहीत, त्यामुळे जास्त सांगायला नको.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, निवृत्त शिक्षक. डिसेंबर २०२० मध्ये सांबऱ्याहून सुरतेला थेट विमान सुरू झालं, त्याच विमानातून ते आयुष्यात पहिल्यांदा उडाले. सुरतेत त्यांची पहिली फजिती झाली ती ‘बा’ या एका अक्षराने. खालच्या मजल्यावरची मुलं आजीला ‘बा’ म्हणून हाक मारायची आणि आमचे दाजी ‘आलो, आलो’ म्हणत जिन्यात थबकायचे. कानडीत ‘बा’ म्हणजे ‘ये’, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

ही झाली गंमत. पुढची गोष्ट तितकी गमतीची नाही.

दाजींना रक्तदाबाचा त्रास. एके दिवशी ते एकटेच जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि गुजरातीत सांगितलं, “काका, मीठुं ओछुं करजो.” दाजींनी सवयीने मान हलवली, “हौद्री, हौद्री.” घरी येऊन अक्काला कानडीत सांगितलं, “सक्रि ब्याड अंदार.” साखर नको म्हणालेत. झालं! दुसऱ्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा, शिरा बंद, पुरणपोळीचं नाव नाही. आणि गोड गेलं म्हणून तोंडाला चव यावी यासाठी लोणचं दुप्पट, पापड रोज, ताकात चिमूटभर मीठ वरून.

गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठ. गोड या अर्थानेही हाच शब्द येतो, पण रक्तदाबाच्या रोग्याला डॉक्टर सांगतात ते मिठाबद्दलच. अक्का सोबत असती तर तिच्या मराठी कानाला ‘मीठुं’ ऐकताच मीठ आठवलं असतं. दाजींनाही मराठी चांगलं येतं. पण परगावी गेल्यावर ते हिंदीचा कान लावतात, आणि हिंदीत ‘मीठा’ म्हणजे गोड. म्हणजे शब्द निघाला गुजरातीतून, हिंदीच्या कानात शिरला, कानडीत घरी आला आणि अक्काच्या स्वयंपाकघरात मराठी होऊन पोहोचला. एका शब्दाने चार गाड्या बदलल्या आणि उतरला भलत्याच स्टेशनवर!

तीन आठवड्यांनी दाजी जिन्यात चक्कर येऊन बसले. पडले नाहीत, देवाची कृपा. पुन्हा दवाखाना. रक्तदाब पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी विचारलं, “मीठुं बंद कर्युं?” दाजी अभिमानाने म्हणाले, “बिलकुल बंद! चाय भी फीकी पीता हूं.” डॉक्टर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी कपाळाला हात लावला. “काका, खांड नहीं, नमक, नमक!”

मी दिवाळीनंतर अक्काकडे गेले होते तेव्हा हा किस्सा रंगवून सांगितला जात होता. सगळे हसत होते. अक्काचा नातू तेवढा हसला नाही. बी.एस्सी. झालेला हा मुलगा विमान वाहतूक नियंत्रकाच्या परीक्षेची तयारी करतोय. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना रेडिओवरून वर जा, खाली या, थांबा असं सांगतात ना, ते काम. तो म्हणाला, “अज्जा, तुम्ही हौद्री म्हणालात, पण रीडबॅक कुठं दिला?”

रीडबॅक म्हणजे काय, हे त्याने मग आम्हाला समजावून सांगितलं. त्या संध्याकाळी पर्वत पाटियाच्या त्या गच्चीवर मला जे कळलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतेय.

वैमानिक आणि नियंत्रक एकमेकांना दिसत नाहीत. एकाचा चेहरा दुसऱ्याला ठाऊक नाही. बहुतेक वेळा दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नसते, आणि बोलणं मात्र इंग्रजीत. मध्ये रेडिओची खरखर. म्हणून तिथं असा नियम आहे, की नियंत्रकाने उंची, दिशा, धावपट्टी असं महत्त्वाचं काही सांगितलं की वैमानिकाने ते नुसतं ‘बरं’ म्हणून सोडायचं नाही. ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. हा रीडबॅक. आणि नियंत्रकानेही ते कान देऊन ऐकायचं, चुकलं असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. दोन्ही बाजूंनी जबाबदारी. एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने ऐकल्यासारखं करायचं, असं चालत नाही.

कारण काय होतं बघा. १९ फेब्रुवारी १९८९ ची गोष्ट. सिंगापूरहून निघालेलं एक मालवाहू जंबो जेट क्वालालंपूरला उतरत होतं. नियंत्रकाने सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. त्याला म्हणायचं होतं, दोन हजार चारशे फुटांपर्यंत खाली या. पण इंग्रजीत दोन या आकड्याचा ‘टू’ आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा ‘टू’ कानाला सारखेच. विमानातल्यांनी ऐकलं, ‘चारशेपर्यंत खाली या’. त्यांनी उत्तरही तसंच दिलं, ‘ओके, फोर झीरो झीरो’. म्हणजे चूक रीडबॅकमध्ये स्पष्ट आली होती, पण ऐकणाऱ्याच्या कानावरून ती तशीच निसटली. विमान डोंगराला धडकलं, चारही जण गेले.

हे ऐकून दाजी म्हणाले, “अरे, मग आपलं हत्तु काय वेगळं आहे?” खरंच की! कानडीत ‘हत्तु’ म्हणजे दहा आणि ‘हत्तु’ म्हणजेच चढ. कंडक्टर ‘हत्तु’ म्हणाला तर दहा रुपये काढायचे की बसमध्ये चढायचं, हे बोलण्याच्या ओघावरून कळतं. जमिनीवर ओघ असतो, समोर माणूस असतो, हातवारे असतात. आकाशात फक्त आवाज.

आता आपल्याच देशातली गोष्ट. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचं जंबो जेट धाहरानकडे निघालं होतं. त्याच वेळी कझाकस्तानचं आयएल-७६ विमान चिमकेंटहून दिल्लीकडे येत होतं. त्या काळी दिल्लीला येणाऱ्या आणि दिल्लीहून जाणाऱ्या विमानांचा तिथला मार्ग एकच होता. वर-खाली अंतर ठेवून त्यांना एकमेकांवरून काढून द्यायचं. सौदी विमानाला चौदा हजार फूट, कझाक विमानाला पंधरा हजार फूट. मध्ये हजार फुटांचं अंतर. नियंत्रकाच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. विमानातून सांगतील ती उंची खरी मानायची.

कझाक विमानातून पंधरा हजारांवर पोहोचल्याचं कळवलंही गेलं होतं. नियंत्रकाने समोरून विमान येतंय, दिसलं की सांगा, असं बजावलं होतं. पण विमान पंधरा हजारांवर थांबलं नाही, खाली येत राहिलं. हरियाणात चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं होती दोन्ही विमानांत. एकही वाचलं नाही. सौदीला पोटासाठी निघालेले किती तरी आपले लोक त्यात होते. जगाच्या इतिहासात हवेतल्या टकरीत इतकी माणसं कधी गेली नाहीत.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. ठपका ठेवला तो ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आल्याबद्दल कझाक विमानावर. त्यामागची कारणं मात्र आपल्या घराघरात सापडतील अशी आहेत. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. इंग्रजी बोलणं त्या रेडिओवाल्याच्या गळ्यात. उंची दाखवणारं यंत्र त्याच्यासमोर नव्हतं, ते वैमानिकांसमोर. त्याने वाकून, खांद्यावरून बघायचं. त्यात त्यांची सवय उंची मीटरमध्ये मोजायची, आणि दिल्लीचा हिशेब फुटांचा. इंग्रजी सगळ्यांचंच तोकडं. अगदी शेवटच्या क्षणी रेडिओवाल्याच्या ध्यानात आलं आणि त्याने आपल्या माणसांना वर चला म्हणून सांगितलं. पण तोवर उशीर झाला होता.

मी अक्काकडे बघितलं. ऐकणारा एक, करणारा दुसरा, आणि मध्ये भाषेची उडी. दाजींनी ऐकलं आणि अक्काने रांधलं, त्यात आणि यात फरक तो किती?

तिसरी गोष्ट आणखी जुनी. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. धावपट्टीवर दोन जंबो जेट, एक डच आणि एक अमेरिकन, एकमेकांना न दिसणारी. डच विमानातून सांगितलं गेलं, ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत’. जाणकार म्हणतात, शब्द इंग्रजी होते पण वाक्याचं वळण डच होतं. बोलणाऱ्याला म्हणायचं होतं, आम्ही निघालो. नियंत्रकाने अर्थ घेतला, आम्ही निघायच्या जागेवर उभे आहोत. त्याने ‘ओके’ म्हटलं आणि मग पुढे सांगितलं, थांबा, मी कळवीन. त्याच क्षणी अमेरिकन विमानही बोललं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघं एकाच वेळी बोलले की रेडिओवर नुसती शिट्टी वाजते. डच वैमानिकांच्या कानावर ‘ओके’ आला आणि पुढचं ‘थांबा’ त्या शिट्टीत बुडालं.

कीर्तनात आपण ऐकलेलं असतं ना, अश्वत्थामा मेला हे द्रोणाचार्यांनी ऐकलं, आणि ‘नरो वा कुंजरो वा’ शंखनादात विरून गेलं. तसंच झालं. अर्धं वाक्य ऐकून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं, इथं अर्धं वाक्य ऐकून विमान पुढे धावलं. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीतला आजवरचा सर्वांत मोठा अपघात तो हाच.

त्यानंतर शहाणपण आलं. ‘टेकऑफ’ हा शब्द आता रेडिओवर उठसूट वापरत नाहीत. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा दिलेली परवानगी रद्द करतानाच तो उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. हो म्हणायला ‘अफर्म’, नाही म्हणायला ‘निगेटिव्ह’. आकडेही मुद्दाम वेगळे उच्चारायचे. पाच म्हणजे ‘फाइफ’, नऊ म्हणजे ‘नाइनर’, कारण ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरीत सारखेच वाटतात. आपलं सात आणि साठ नाही का फोनवर घोळ घालत? अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माळ १९५६ पासून जगभर एकच आहे.

नातवाने आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. सिनेमात वैमानिक ‘रॉजर’ म्हणतात, तो शब्द आपण ‘हो’ या अर्थाने घेतो. तसं नाही. रॉजर म्हणजे फक्त ‘तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोहोचलं’. त्याप्रमाणे करीन असं म्हणायचं तर वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. आपल्या घरात मात्र पोहोचलं, समजलं, पटलं आणि करतो, या चारही गोष्टींना मिळून एकच शब्द. मराठीत ‘हं’ आणि कानडीत ‘हौद्री’!

यात भाषेइतकाच संकोचाचाही भाग असतो. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाचं एक विमान न्यूयॉर्कला उतरायला आलं. हवा खराब, गर्दी फार. त्याला तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालायला लावलं. इंधन संपत आलं. मुख्य वैमानिक स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला सांगत होता, संकट आहे म्हणून कळव. इंग्रजीचा भार सहवैमानिकावर. त्याने इंधन कमी असल्याचं सांगितलं, प्राधान्य हवं असंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा एक शब्द काही उच्चारला नाही. नियंत्रकांच्या लेखी त्या एका शब्दाने सगळं बदललं असतं. विमान कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. आपण नाही का, दवाखान्यात पोटात कळा येत असताना ‘थोडंसं दुखतंय’ म्हणतो?

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की मग दोन भाषा हीच अडचण, एकच भाषा असावी. तसंही नाही. १९७६ च्या जून महिन्यात कॅनडात यावरूनच संप झाला होता. क्युबेक प्रांताच्या आकाशात इंग्रजीबरोबर फ्रेंचही वापरू द्यावं की नाही, हा वाद. दोन भाषा आल्या तर अपघात होतील असं एका बाजूचं म्हणणं. चौकशी आयोग बसला, त्याने चाचण्या घेतल्या आणि १९७९ मध्ये निष्कर्ष दिला, की दोन भाषांमुळे सुरक्षितता कमी होत नाही. भाषेचे वाद आपल्याला नवे नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पुढे ५ मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम लागू झाला, की आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकाने आणि नियंत्रकाने इंग्रजीची परीक्षा द्यायची. सहा पायऱ्या आहेत, निदान चौथी हवी. ज्या देशांची तयारी झाली नव्हती, त्यांना २०११ पर्यंत सवलत होती. या परीक्षेत व्याकरण आणि उच्चार बघतात, त्याबरोबर आणखी एक गोष्ट बघतात. समजलं नाही तर हा माणूस पुन्हा विचारतो का? गैरसमज झाला तर तो निस्तरता येतो का? म्हणजे ‘कळलं नाही, परत सांगा’ असं म्हणता येणं हासुद्धा भाषा येण्याचाच भाग धरला आहे.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी पस्तीस वर्षं वर्गात विचारत आलो, समजलं का? सगळी मुलं एका सुरात म्हणायची, हो सर. मी पुढचा धडा घ्यायचो.” थोडं थांबून म्हणाले, “एकालाही म्हटलं नाही, काय समजलं ते सांग.”

त्यांच्या या वाक्यावर कुणीच काही बोललं नाही.

वाचकहो, आपल्या घरांतून रोज किती निरोप एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात याचा हिशेब करून बघा. डॉक्टर एका भाषेत बोलतात, सासूबाई दुसरीत विचारतात, सून तिसरीत औषधाच्या दुकानात फोन करते. गोळी जेवणाआधी की नंतर, एक की अर्धी, पैसे सात हजार की साठ हजार. सुरतेत तर ‘काले’ म्हणजे उद्याही आणि कालही. तिथल्या दुकानदाराने ‘काले आवजो’ म्हटलं की मराठी माणूस क्षणभर गोंधळतोच. अशा ठिकाणी मान हलवून चालू पडायचं नाही. ऐकलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. ‘म्हणजे मीठ कमी, साखर चालेल, असंच ना?’ याला पाच सेकंद लागतात. समोरच्याला राग येत नाही, आणि आलाच तर येऊ द्यावा.

मुलांनाही ही सवय लावावी. निरोप घेऊन आलेल्या पोराला ‘सांगितलंस ना?’ एवढंच न विचारता ‘त्यांनी काय ऐकलं?’ असं विचारावं. आणि घरात कुणी परत विचारलं तर ‘एकदा सांगितलं ना!’ असं खेकसू नये. खेकसल्यावर माणूस पुन्हा विचारत नाही, तो हौद्री म्हणतो.

निघायच्या दिवशी सकाळी अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, “री, ताक घेणार काय?” दाजींनी पेपर खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, “ताक, एक पेला, मीठ न घालता. बरोबर?”

आतून अक्काचा आवाज आला, “अफर्म!”